विनोदाच्या आधीचं हसू

सोमवार, ४ ऑक्टोबर २००४

ही वही म्यूरियलची. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात ‘साखर, लोकर, क्लिफची ब्लेडं’ एवढंच आहे, पुढची सगळी कोरी. ते पान फाडवेना म्हणून दुसऱ्या पानापासून सुरुवात करतोय. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दैनंदिनी लिहायची म्हणजे म्हातारपणी दात फुटण्यातलाच प्रकार. पण घरात बोलायला कोणी उरलं नाही की माणूस भिंतीशी बोलायला लागतो. त्यापेक्षा कागद बरा.

ऑगस्टात तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणतात, समजतं सगळं, फक्त बोलता येत नाही. आता ती समुद्राकडच्या शुश्रूषागृहात आहे, ट्रामनं चार थांबे. घरातून नेताना तिनं डाव्या हातात एकच वस्तू घट्ट धरली होती : कोचावरची हिरवी, गोंड्यांची उशी. मी म्हटलं, “अगं, तिथे असतात उशा.” सोडली नाही.

आज मँचेस्टरहून पत्र आलं. इमोजेन प्राइस नावाच्या बाईंचं. जुने टीव्ही कार्यक्रम जमवणाऱ्या संग्रहात त्या काम करतात. लिहितात की विनोदी नट डेनी गारसाइडच्या ‘खिडकी’ कार्यक्रमाचं एक अख्खं सत्र टीव्हीवाल्यांनी तेव्हाच पुसून टाकलं. त्या काळी टेप महाग असायची, पुसून पुन्हा वापरायचे. तुमच्याकडे आवाज उतरवून ठेवलाय हे खरं का?

खरं आहे बाई. एकवीस रिळं, बिस्किटांच्या डब्यांत, कपड्यांच्या कपाटात. छत्तीस वर्षं मी या पत्राची वाट बघतोय.

गुरुवार, ७ ऑक्टोबर

टेपरेकॉर्डर माळ्यावरून उतरवला. आतला रबरी पट्टा वितळून गुळासारखा झाला होता. नवा बसवला. तीस वर्षं ट्राम चालवली, एवढं यंत्र मला काय ऐकणार नाही!

इमोजेनबाईंशी फोनवर बोललो. आवाजावरून नातीच्या वयाची. म्हणाली, “मिस्टर टॅटर्सल, प्रत्येक रिळावर काय आहे त्याची यादी करून ठेवाल? बावीस नोव्हेंबरला मी स्वतः न्यायला येते. बाकी जगात याची दुसरी प्रत नाही हो.”

छाती दोन बोटं फुगली, खोटं कशाला बोलू.

शनिवार, ९ ऑक्टोबर

पहिलं रीळ लावलं. ९ नोव्हेंबर १९६८.

तेव्हा टीव्हीचा आवाज उतरवून घ्यायचा तर एकच मार्ग. टीव्हीसमोर दोरीनं मायक्रोफोन टांगायचा आणि खोलीत टाचणी पडली तरी चालायचं नाही. शनिवारी संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे कर्फ्यूच. भिंतीवरच्या घड्याळाला मी मफलर गुंडाळायचो. पोपटाच्या पिंजऱ्यावर फडकं. शेजारणीच्या दारात चिठ्ठी, की अर्धा तास नळ सोडू नये. आणि हसायचं नाही. मी ओठ चावायचो. म्यूरियल उशी मांडीवर घेऊन बसायची, फार झालं तर उशीत तोंड खुपसायची. तशी तिला त्याची गरज फारशी पडायची नाही, कारण तिला विनोद कळत नाही. चाळीस वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आलोय. बाई गुणाची, हाताला चव, पण विनोद म्हटला की दगड.

बटण दाबलं. आधी खरखर, मग मफलरमधून घड्याळाची दबकी टिकटिक, मग पोपट एकदाच कुरकुरला. मी मान वर करून पिंजरा टांगायच्या आकड्याकडे बघितलं. पिंजरा काढून पंचवीस वर्षं झाली. घड्याळही नाही. तरी दोघेही खोलीतच होते.

मग डेनी आला. दर वेळी तो आतून पडदा सारायचा, काचेला नाक लावून थेट आपल्या घरात डोकवायचा आणि म्हणायचा, “काय मंडळी, आहात ना घरी?”

मी म्हटलं, “आहे बाबा.” एकट्यानंच.

रविवार, १० ऑक्टोबर

म्यूरियलकडे गेलो. तिला यादीबद्दल सांगितलं. मिस्टर चूपचं नाव काढताच तिचा डावा डोळा चमकला. नर्स ब्रेंडानं विचारलं, “कोण हो हे मिस्टर चूप?” आजच्या पोरींना काय ठाऊक!

डेनीचं सगळ्यात गाजलेलं सोंग ते. सगळ्या जगाला गप्प करणारा माणूस. पाद्र्याला दारात बूट काढायला लावतो, किटलीला कोट घालतो, शेवटी किनाऱ्यावर जाऊन लाटांना दटावतो. एक बोट ओठांवर, मान जराशी तिरकी : “श्श!” असा मूर्ख प्रत्येक गल्लीत एक असतोच, म्हणून तर लोक हसून लोळायचे. डेपोत माझी मिस्टर चूपची नक्कल प्रसिद्ध होती. खरं सांगायचं तर मला काही करावंच लागायचं नाही. तोंड उघडलं की पोरं हसायची. काही काही गोष्टी रक्तातच असतात.

ब्रेंडाला करून दाखवली. ती हसली. म्यूरियलनं उशी ओढून घेतली आणि तोंड झाकलं. दमली असेल.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

दुसरं रीळ. १६ नोव्हेंबर १९६८. माझ्या नोंदवहीत या तारखेपुढे लाल टिंब आहे, म्हणजे त्या शनिवारी माझी उशिराची पाळी होती. दर चौथ्या शनिवारी असायची. तेव्हा मशीन लावायचं काम म्यूरियलकडे. सगळं बजावून जायचो मी, कागदावर लिहून.

मिस्टर चूप डॉक्टरकडे जातो. डॉक्टर छातीला नळी लावतो. म्हणतो, “तुमच्या हृदयाचे ठोके ऐकूच येत नाहीत!” मग शांतता. मग मिस्टर चूप म्हणतो, “मीच सांगितलंय त्याला गप्प बसायला.” आणि स्टुडिओतले लोक छप्पर उडवतात.

त्या शांततेत कोणीतरी हसलं.

स्टुडिओत नाही. जवळ. मायक्रोफोनपासून हातभर अंतरावर, माझ्या खोलीत, घड्याळाच्या टिकटिकीबरोबर. दाबलेलं, घुसमटलेलं, नाकातून सुटलेलं हसू. वाक्य यायच्या आधी. बाई हसतेय की बाप्या, कळत नाही.

तीनदा मागे नेऊन ऐकलं. तीनदा तेच. माणूस विनोद ऐकून हसतो. न ऐकलेल्या विनोदाला कोण हसेल?

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

रात्रभर मनात पाल चुकचुकत होती. सकाळी उजेडात सगळी रिळं थोडी थोडी लावून पाहिली. दुसरं, सहावं, दहावं, चौदावं, अठरावं. लाल टिंबाची पाच रिळं. पाचांवरही ते हसू आहे. बाकी सोळांवर एकदाही नाही.

आणि प्रत्येक वेळी विनोदाच्या आधी.

म्हणजे मी घरात असलो की ते कोणी नसायचं. मी गेलो की यायचं.

मंगळवार, १९ ऑक्टोबर

आल्फ बिकरस्टाफ आला. माझ्या ट्रामवर एकोणीस वर्षं कंडक्टर होता, दर मंगळवारी चहाला येतो आणि माझी बिस्किटं संपवतो. त्याला ऐकवलं.

आल्फनं कान मशीनला लावला. म्हणाला, “पुन्हा लाव.” मग म्हणाला, “क्लिफ, कार्यक्रम स्टुडिओत कधी व्हायचा? गुरुवारी ना? आणि टीव्हीवर शनिवारी. म्हणजे आधीच हसतोय त्याला विनोद माहीत होता. हा माणूस डेनीच्या गोटातला.”

“माणूस कशावरून?”

“मग काय, तुझी म्यूरियल? तूच सांगतोस ना, तिला विनोद समजावून सांगायला पत्र पाठवावं लागतं?” तो खो खो हसला, मग मिशीवरचे बिस्किटाचे कण झटकत म्हणाला, “डेनी त्या वर्षी आपल्याकडच्या नाटकगृहात उन्हाळाभर होता. विंगेतली पोरं, वाजवणारे, लिहिणारे, सगळे गावात खोल्या घेऊन राहायचे. आता नवरा ट्रामवर आणि बायको एकटी—”

“आल्फ, तुझी टोपी दारामागे आहे.”

“अरे, गंमत केली म्हाताऱ्या!”

“टोपी घे.”

गेला. बशीत दोन बिस्किटं तशीच राहिली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

शनिवार, २३ ऑक्टोबर

नोंदवही पहिल्यापासून वाचली. त्यात मी प्रत्येक शनिवारी खोलीत काय काय केलं ते लिहून ठेवायचो, आवाज सुधारावा म्हणून. आणि शेजारी डेनीनं काय केलं ते.

२३ नोव्हेंबर : घड्याळाला जुन्याऐवजी लाल मफलर. १४ डिसेंबर : मिस्टर चूप घड्याळाला लाल मफलर गुंडाळतो.

३० नोव्हेंबर : शेजारणीला नळाबद्दल चिठ्ठी. २१ डिसेंबर : मिस्टर चूप पावसाला चिठ्ठी लिहितो.

तेव्हाच मी समासात लिहिलंय, ‘डेनीला कसं कळलं??’ दोन प्रश्नचिन्हं. तेव्हा अंगावर गोड काटा यायचा. वाटायचं, त्याचं नि माझं काही वरचं नातं आहे, तो खिडकीतून खरंच बघतो. लहान पोराला देव बघतो असं वाटतं तसं. आज तोच काटा आला पण गोड नव्हता. कुणीतरी खरंच बघत होतं. या खोलीत बसून बघत होतं आणि तिकडे जाऊन सांगत होतं.

टीव्हीवर टेबलक्लॉथ टाकला. बंद असला तरी काच काळी दिसते आणि तिच्यात खोली दिसते. माझ्या शेजारची रिकामी जागासुद्धा.

रविवार, २४ ऑक्टोबर

विचारलं तिला. विचारायचं नव्हतं, ट्राममध्ये ठरवलंही होतं की नाही विचारायचं. तिच्या उशाशी बसलो आणि तोंडातून निघूनच गेलं.

“म्यूरियल, माझी उशिराची पाळी असायची तेव्हा घरी कोण यायचं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“टेपवर हसतंय कोणीतरी. आपल्या खोलीत. मला फक्त खरं काय ते सांग. मी रागावणार नाही. हो असेल तर हात दाब.”

तिनं हात सोडवून घेतला, उशी ओढली आणि तोंड लपवलं. खांदे हलत होते. रडत असावी.

आता विचारणार नाही. त्रेचाळीस वर्षांचा संसार असा एका हुंदक्यात नासवायचा नाही. पण ती लाज होती एवढं कळलं. बाहेर धुकं होतं, ट्राम दिसेपर्यंत नुसती घंटा ऐकू येत होती. मी ती चार थांब्यांची वाट चालत आलो.

मंगळवार, २ नोव्हेंबर

आठवडाभर मशीनला हात लावला नव्हता. आज यादी पूर्ण करायची म्हणून चौदावं रीळ लावलं, ८ फेब्रुवारी १९६९. लाल टिंब. इतक्या वर्षांत मी कार्यक्रम संपला की टेप थांबवायचो, पुढे काही असेल असं कधी वाटलंच नाही. आज चहा करायला उठलो आणि मशीन चालूच राहिलं.

स्वयंपाकघरात किटली घेऊन उभा होतो. आतल्या खोलीतून आवाज आला.

“म्यूरियल. चमचा हळू ढवळ. मशीनला ऐकू जातो.”

तो माझा आवाज होता.

किटली हातातच. मी इथे होतो आणि मी तिकडे बोलत होतो. मग काहीतरी खसखसलं, कागदासारखं. आणि पुन्हा, “म्यूरियल. हळू ढवळ तो चमचा. मशीनचे कान माझ्याहून मोठे आहेत.” मग बारीक करकर, लाकडावर नखानं ओरखडे काढावेत तशी. मग तिसऱ्यांदा, अगदी सावकाश, कानाशी लागून : “म्यूरियल... तो चमचा... मी ऐकतोय.”

मग टेप संपली आणि रीळ नुसतंच फटफट फिरत राहिलं.

८ फेब्रुवारीला मी घरी नव्हतो. मला ती संध्याकाळ पक्की आठवते. समुद्रावरच्या वाऱ्यानं रुळांवर वाळू चढली होती, क्लीव्हलीजपाशी ट्राम अडली आणि मी नि आल्फ रात्री अकरापर्यंत फावड्यानं वाळू उपसत होतो.

आणि म्यूरियल उत्तर का देत नाही? तीनदा हाक मारली तिला. ती आहे कुठे?

बुधवार, ३ नोव्हेंबर

काही नाही. बाहेर गेलो नाही. एकदा मोठ्यानं बोलून बघितलं, आवाज माझाच आहे ना ते.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

शेकोट्यांचा सण. गल्लीत फटाके. आल्फ आपण होऊन आला, बायकोनं केलेला आल्याचा काळा केक घेऊन. दारातच म्हणाला, “चुकलो रे. जीभ लांब आहे माझी. केक घे आणि आत घे.”

मी त्याला चौदाव्या रिळाची शेपटी, तो चमच्याचा तुकडा, ऐकवली.

“तूच की,” आल्फ म्हणाला. “त्यात काय एवढं?”

“तारीख बघ.”

त्यानं चष्मा लावून डब्यावरची तारीख वाचली. ओठ हलवत काहीतरी आठवलं. “वाळूची रात्र,” तो म्हणाला. “माझी कंबर तेव्हा गेली ती गेलीच.” बाहेर एक बाण सुं करून वर गेला.

“क्लिफ, तू माझ्यासोबत होतास.”

“होतो ना?”

“मग हा कोण?”

मी रीळ मागे फिरवलं.

“हा चमच्याचा विनोद,” आल्फ हळूच म्हणाला, “डेनीनं केलेला. डेपोत महिनाभर तुला चिडवायचो आम्ही. पण तो नंतर.”

नंतरच. सतराव्या रिळावर आहे. १ मार्च. हा आवाज त्याच्या तीन आठवडे आधीचा.

आल्फनं चहा अर्धा टाकला. जाताना मला म्हणाला, “दिवा चालू ठेव रे.”

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

इमोजेनबाई आधीच आल्या, मशीन बघायला. लाल केस, पाठीवर पिशवी, चहात तीन चमचे साखर. मी म्हटलं, “हळू ढवळ पोरी,” आणि ती दचकून माझ्याकडे बघतच राहिली.

“मिस्टर टॅटर्सल, डोळे मिटले तर तुम्हीच मिस्टर चूप!”

“छत्तीस वर्षांचा सराव आहे.”

तिला हसू ऐकवलं. शेपटी नाही ऐकवली, धीर झाला नाही. तिनं हात झटकला. “काळजी करू नका. आमचं यंत्र खोलीतले आवाज पुसून काढतं. घड्याळ, पक्षी, खोकला, हे हसणं, सगळं जाईल. फक्त डेनी उरेल.”

“पुसा,” मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

ती आणखी एक सांगत होती. डेनी वारल्यावर त्याच्या घरच्यांनी कागद संग्रहाला दिले. त्या काळी विनोदी नट साध्यासुध्या लोकांकडून पोस्टानं विनोद विकत घ्यायचे. गृहिणी, कारकून, कोणीही पाठवायचं. “मिस्टर चूप डेनीला सुचलाच नव्हता. कोणीतरी पत्रांतून पाठवायचं, आठवड्याला एक. नाव नाही, पत्ता फ्लीटवुडच्या पोस्टाचा, आणि खाली सही फक्त ‘उशी’. शोधून थकलो आम्ही. तुमच्याच गावातलं हो कोणीतरी! तुम्हाला काही सुचतं?”

“उशी?” मी विचार केला. “लॉर्ड स्ट्रीटला गाद्यांचं दुकान होतं. म्हातारा ग्रिमशॉ. पण तो हसताना मी कधी पाहिला नाही.”

“आणि गंमत म्हणजे सगळं पाठकोऱ्या कागदांवर. ट्रामच्या ड्यूटीपत्रकांच्या मागे.”

मी कप खाली ठेवला. ती गेल्यावर कितीतरी वेळ बसून होतो. म्हणजे डेपोतलाच कोणी! ज्याला माझ्या पाळ्या ठाऊक होत्या. मी घरी कधी नसतो हे ज्याला पत्रकावरच दिसत होतं. जो माझा आवाज रोज ऐकायचा, हुबेहूब काढू शकायचा. माझ्याच कोचावर बसून माझीच टिंगल लिहायचा, आणि मी मूर्ख ती उतरवून घेत होतो, जपत होतो.

रविवार, १४ नोव्हेंबर

म्यूरियलकडे गेलो नाही. पंधरा आठवड्यांत पहिल्यांदा. ब्रेंडाचा फोन आला, “त्या दाराकडे बघतायत हो.” सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

मला भीती त्या आवाजाची नाही. उद्या ती गेली आणि मी तिच्या थडग्यापाशी उभा राहिलो, तर माझ्या मनात काय असेल याची भीती आहे. सगळं आयुष्य ज्या खोलीत काढलं त्या खोलीत कोण होतं हे ठाऊक नसलेला माणूस कुठल्या तोंडानं फुलं वाहणार?

शनिवार, २० नोव्हेंबर

हे नीट लिहायचंय, म्हणून पेन्सिलीला टोक करून बसलोय.

आज ठरवलं. परवा रिळं जाणार. त्याआधी तिला ऐकवायचं, तिच्या चेहऱ्याकडे बघायचं आणि जे दिसेल ते पदरात घ्यायचं. टेपरेकॉर्डर जुन्या ढकलगाडीत घातला, आल्फनं ट्राममध्ये चढवायला हात दिला. शुश्रूषागृहात संध्याकाळी साडेसातला पोहोचलो. सवयीनं दार लोटून घेतलं. सवयीनं ब्रेंडाला म्हटलं, “जरा नळ नको सोडूस पोरी.”

चौदावं रीळ लावलं. खरखर. घड्याळ. म्यूरियलनं डोळे उघडले. घड्याळ ओळखलं तिनं.

डेनीनं पडदा सारला. “काय मंडळी, आहात ना घरी?”

मिस्टर चूपची बायको म्हणते, “अहो, मला एक सांगायचंय.” तो बोट ओठांवर ठेवतो. ती थांबते. पुन्हा सुरू करते, पुन्हा बोट. असं तीनदा. शेवटी तो म्हणतो, “बरं, सांग आता.” ती म्हणते, “घराला आग लागलीय.”

मग ती शांतता.

मी मशीनकडे बघत नव्हतो, तिच्याकडे बघत होतो. तिचा डावा हात चादरीवरून सरकला, चाचपडत उशीपाशी गेला, उशी ओढून तोंडावर दाबली. खांदे हलायला लागले. आणि त्याच क्षणी टेपवर, छत्तीस वर्षांपलीकडे, ते घुसमटलेलं हसू फुटलं. दोन्ही एकत्र. एका श्वासाचा फरक नाही.

मग कुठे मिस्टर चूप म्हणाला, “विझव मग. पण हळू.”

स्टुडिओ हसला. मी नाही हसलो. उशीच्या कोपऱ्याकडे लक्ष गेलं. हिरव्या कापडावर दातांच्या खुणा. जुन्या, एकावर एक. त्यातली एकही मी कधी पाहिली नव्हती, कारण मी नेहमी टीव्हीकडे बघत असायचो.

मशीन थांबवलं नाही. कार्यक्रम संपला आणि शेपटी आली. माझा आवाज. “म्यूरियल. चमचा हळू ढवळ.” तिच्या तोंडाची डावी बाजू हलत होती. आवाज नाही, नुसते ओठ. शब्दाला शब्द. कागद खसखसला तेव्हा ती थांबली, करकर आली तेव्हा तिची बोटं चादरीवर पेन्सिल धरल्यासारखी हलली. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा, सावकाश, मान जराशी तिरकी करून. अगदी मिस्टर चूपसारखी.

अगदी माझ्यासारखी.

रीळ फटफट फिरत राहिलं. टेपवर माझा आवाज काढत विनोद लिहिणारी तीच होती. मी हात पुढे केला आणि तिच्या तोंडावरची उशी काढून घेतली. तिनं काढू दिली. माझ्याकडे बघत राहिली, चोरी पकडलेल्या शाळकरी पोरीसारखी. मला खूप काही बोलायचं होतं. तोंड उघडलं.

तिनं बोट ओठांवर ठेवलं. “श्श.”

झटक्यानंतरचा तिचा पहिला आवाज.

मी म्हटलं, “हस म्यूरियल. मोठ्यानं हस. मशीन लावलेलं नाही.”

तिचं हसू मी आज पहिल्यांदा ऐकलं. अर्ध्याच तोंडातून येतं आता, थोडं वाकडं, किनाऱ्यावरच्या पाखरासारखं चिरकतं. ब्रेंडा धावत आली, तिला वाटलं काय झालं.

सोमवार, २२ नोव्हेंबर

इमोजेन रिळं घेऊन गेली. तिला सांगितलं, काहीही पुसायचं नाही, नाहीतर डबे परत कपाटात जातील. हसू राहील, घड्याळ राहील, चौदाव्याची शेपटी राहील. “पण लोक विचारतील हे कोण?” ती म्हणाली. मी तिला चौदावा डबा दाखवला. त्यावर छत्तीस वर्षं ‘डेनी गारसाइड’ लिहिलेलं होतं. खाली काल मी लिहिलं : ‘लेखन, म्यूरियल टॅटर्सल. हसू, तिचंच. मिस्टर चूप, तिचा नवरा.’

पोरीनं वाचलं, पुन्हा वाचलं आणि कोचावर मटकन बसली. उशी असायची त्या जागी.

ग्रिमशॉकडे चौकशी करू नकोस म्हटलं. ती ड्यूटीपत्रकं माझ्याच खिशातली होती.

आता साडेसात वाजलेत. टीव्हीवरचा टेबलक्लॉथ काढलाय. काळ्या काचेत खोली दिसतेय, मी दिसतोय आणि शेजारची ती जागा. एवढी वर्षं मला वाटायचं, काचेपलीकडून कोणीतरी माझ्याकडे टक लावून बघतंय, माझं सगळं ओळखून आहे. वाटायचं ते खोटं नव्हतं. फक्त ते काचेपलीकडे नव्हतं. माझ्या डाव्या हाताला बसलेलं होतं, तोंडावर उशी दाबून.